मागे राहिलेला मित्र

संपादकांचे पत्र श्रावणातच आले होते. त्यात नेहमीची सूचना होतीच : दिवाळी अंक घरातली सगळी माणसे फराळाच्या ताटाभोवती बसून वाचतात, तेव्हा या खेपेला काही हलकेफुलके द्यावे. सूचना रास्त होती. मी विषयही हेरून ठेवला होता. प्राध्यापकाच्या घरी आकाशकंदील टांगतो कोण आणि त्याचे श्रेय घेतो कोण, यावर दोन-अडीच पाने सहज झाली असती, आणि आमच्या सौभाग्यवतींनी ती वाचून नाक मुरडले असते. पण मध्यंतरी एक मुलगा आला, त्याने एक प्रश्न विचारला, आणि आकाशकंदील माळ्यावरच राहिला.

गेल्या महिन्यातली गोष्ट. शेवटचा तास आटोपून मी स्टाफरूममध्ये येऊन बसलो होतो. पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती. दारात अकरावीतला एक मुलगा उभा राहिला. हा मुलगा मला कॉलेजात 'सर' म्हणतो आणि फाटकाबाहेर पाऊल टाकले की 'काका' म्हणतो. ते का, हे पुढे येईलच. कसलीशी वक्तृत्वस्पर्धा होती आणि त्याने विषय घेतला होता गोपाळ गणेश आगरकर. कराडच्या मुलाने हा विषय घ्यावा यात नवल नाही. आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, टेंभूचा. आणि टेंभू आमच्या कराडजवळच, कृष्णेच्याच काठी. दरवर्षी कोणी ना कोणी हा विषय घेतो, आणि दरवर्षी मी त्याला तेच चार मुद्दे सांगतो : बुद्धिवाद, स्त्रीशिक्षण, 'सुधारक' पत्र आणि निबंधशैली. मुलगा लिहून घेतो, 'थँक्यू सर' म्हणतो आणि जातो.

यानेही मुद्दे लिहून घेतले. वही मिटली. पण गेला नाही. म्हणाला, "सर, एक विचारू? टिळक आणि आगरकर शेवटी बोलले का हो एकमेकांशी?"

वीस वर्षे मी आगरकर शिकवतो आहे. इतक्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. परीक्षेत हा प्रश्न येत नाही, आणि जे परीक्षेत येत नाही ते विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. मी समोरची खुर्ची पुढे सरकवली आणि म्हटले, "बस."

खरे सांगायचे तर आम्ही कराडकरांनी आगरकरांना फारसे जवळ केलेले नाही. गावात टिळकांच्या नावाचे हायस्कूल आहे. यशवंतराव चव्हाण त्याच शाळेतले. टेंभू म्हटले की आजच्या माणसाला आठवते ती पाणीयोजना, कृष्णेचे पाणी उचलून खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावर नेणारी. 'टेंभूचे पाणी आले' ही बातमी वाचताना गोपाळराव किती जणांना आठवत असतील कोण जाणे. मी तक्रार करीत नाही. पाणी ही मोठीच गोष्ट आहे, आणि तहानलेल्या मुलखाला पाणी मिळाल्याचा राग आगरकरांना तरी नक्कीच आला नसता.

त्यांचे लहानपण तुम्हांआम्हांला ठाऊक असलेल्या गरिबीतले नव्हे. त्याहून पुष्कळ खालच्या पायरीवरचे. शिकण्यासाठी ते कराडला आजोळी राहिले. पुढचे शिकणे परवडेना, तेव्हा मामलेदार कचेरीत उमेदवारी केली, मग दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. त्या काळी कराडातल्या एखाद्या मुलाला एवढ्यावर समाधान मानता आले असते. पण या मुलाला शिकायचे होते, म्हणून तो रत्नागिरीला गेला, पायी. मध्ये सह्याद्री उभा आहे, हे नकाशा न बघताही कराडच्या माणसाला कळते. रत्नागिरीत जम बसला नाही, परत आला. मग अकोल्याला एका नातेवाइकांकडे. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा शिक्षक लाभला, आणि १८७५ साली हा मुलगा मॅट्रिक झाला. पुढे पुण्याचे डेक्कन कॉलेज. तिथे म्हणे अंगात एकच सदरा असायचा. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा.

सदऱ्याची ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. मुलींना वाईट वाटते, मुले हसतात. मला मात्र ती सांगताना दुसराच एक सदरा आठवतो. माझ्या पहिल्या मुलाखतीला मी जो घालून गेलो होतो, तो माझा नव्हता. वसतिगृहातल्या माझ्या सोबत्याचा होता. त्याच्याकडे धड असे दोनच सदरे होते. त्यांतला बरा त्याने मला दिला आणि उसवलेला स्वतः घातला. वर म्हणाला, "नोकरी लागली तर सदरा तुझा. नाही लागली तर धुऊन परत कर."

नोकरी लागली. सदरा अजून माझ्याकडे आहे.

या मित्राचे नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्या घरच्यांना ते रुचणार नाही आणि त्याला स्वतःला तर मुळीच रुचले नसते. तो शास्त्राचा विद्यार्थी, मी मराठीचा. तो पुढे एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवू लागला, मी इथे कॉलेजात लागलो. तो देवळात जात नसे, मी एकादशी चुकवीत नसे. त्यामुळे चिडवायचे झाले की तो मला 'बळवंतराव' म्हणे आणि मी त्याला 'गोपाळराव'. आमच्या दोघांचा त्या थोर जोडीशी संबंध एवढाच. पण रविवारी सायकली काढून आम्ही टेंभूच्या वाटेला लागायचो, नदीकाठी बसून शेंगा खायचो, आणि संमतिवयाच्या कायद्यावर असे भांडायचो की जणू तो कायदा उद्याच पास व्हायचा आहे. तो पास होऊन शंभर वर्षे उलटून गेली होती. एकदा एक गुराखी जवळ येऊन म्हणाला, "पावणं, भांडान कशावरनं हाय? बांधावरनं का?"

माणूस अतिशय मायाळू. आता 'मायाळू' हा शब्द मेलेल्या माणसाबद्दल सर्रास वापरतात, म्हणून थोडे सांगतो. कराडात मोठे दवाखाने आहेत, आसपासच्या खेड्यांतून रोगी येतात. त्याच्या शाळेच्या गावातले कोणी आले, की शाळा सुटल्यावर हा तिथे हजर. कोणत्या खिडकीवर कागद द्यायचा, रक्त कुठे तपासायचे, सरकारी योजनेचा अर्ज कसा भरायचा, हे सगळे त्याला पाठ. हातात स्टीलची किटली. रोग्याला चहा चालत नसला तर बाकावर बसलेल्या बाईला द्यायचा. ओळखपाळख काही नाही. "बसून बसून माणसाचा घसा सुकतो रे," एवढेच त्याचे तत्त्वज्ञान. उसने पैसे देताना तो आकडा लिहून ठेवीत नसे आणि घेताना मात्र वहीत टिपून ठेवी. माझ्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढून ठेवणे हा त्याचा एकमेव दुर्गुण, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो.

दुसरा दुर्गुण पुढे कळला. तो आगरकरांचाच होता : खरे वाटेल ते, वाटेल त्या वेळी, सगळ्यांच्या देखत बोलायचे.

पण आधी त्या जोडीकडे वळू, कारण समोर मुलगा बसला होता आणि त्याला त्यांचीच गोष्ट हवी होती.

डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर भेटले. कॉलेजच्या आजूबाजूच्या टेकड्यांवर फिरताना त्यांचे ठरले, की सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाच्या कामात जन्म घालवायचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी नोकरी सोडून १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढले होतेच. टिळक पहिल्यापासून त्यांच्याबरोबर, आगरकर एम्.ए. होऊन येऊन मिळाले. त्याच सुमारास त्यांनी आईला एक पत्र लिहिले आहे. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता पगारही मोठा येईल, असे मनात आणू नकोस. पोटापुरते मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांच्या कामी घालवीन, अशा अर्थाचे. हे पत्र शाळेच्या पुस्तकात वाचताना आपल्याला फार उदात्त वाटते. मी स्वतः बाप झाल्यापासून मला त्या माउलीचीच आठवण होते. एकेक परीक्षा होण्याची तिने किती वाट पाहिली असेल!

जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' निघाला. पहिले संपादक आगरकर. दीड वर्षातच कोल्हापूरचे प्रकरण उद्भवले. तिथल्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे या समजुतीने 'केसरी' आणि 'मराठा' यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर लिहिले, त्यासाठी जी पत्रे छापली ती बनावट निघाली, आणि दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. (खटल्यात दहा हजारांच्या जामिनासाठी रामशेठ उरवणे यांना उभे केले ते जोतीराव फुल्यांनी. पुण्यात माणसे एकमेकांवर टीका करीत आणि वेळ आली की जामीनही देत.) १८८२ च्या जुलैत ते मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि ऑक्टोबरात सुटले. १०१ दिवस. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले आहे. त्या दिवसांत त्यांनी शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' मराठीत आणायला घेतले, तेच 'विकारविलसित'. पण त्या तुरुंगवासातली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. रात्री दोघांचे वाद सुरू झाले की आवाज इतका चढे, की पहारेकऱ्यांना येऊन गप्प बसवावे लागे म्हणतात. देशाचे काय करायचे, शिक्षणाचे काय करायचे, आधी काय आणि मागून काय. मुलगा हसला. म्हणाला, "म्हणजे तेव्हाही भांडतच होते."

"भांडतच होते," मी म्हटले. "पण एका खोलीत."

पुढे खोल्या वेगळ्या झाल्या. समाजसुधारणा आधी की राजकारण आधी, धर्माच्या बाबतीत सरकारने कायदा करावा की नाही, या मोठ्या प्रश्नांबरोबर संस्थेतले पगार, हिशेब, कोणाचा शब्द चालायचा, असले लहान प्रश्नही होते. आणि माणसे मोठ्या प्रश्नांवर भांडतात पण दुखावतात ती लहान प्रश्नांवर, हे ज्याने कोणत्याही संस्थेत चार वर्षे काढली आहेत त्याला सांगायला नको. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला. १८८८ च्या ऑक्टोबरात 'सुधारक' काढला; इंग्रजी बाजू तरुण गोपाळराव गोखल्यांकडे दिली. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. आणि मग 'केसरी' आणि 'सुधारक' एकमेकांवर जे लिहू लागले, ते आज वाचवत नाही. मते राहिली बाजूला, माणसावर घसरले. दोघांच्याही हातात मराठीतल्या उत्तम लेखण्या होत्या, त्यामुळे जखमाही उत्तम झाल्या.

आगरकरांची लेखणी तिखट, यात शंका नाही. पण माणूस तसा नव्हता. बालविवाहाविरुद्ध, विधवांच्या केशवपनाविरुद्ध ते असे लिहीत, की पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. ती म्हणे त्यांच्या घरावरून गेली आणि त्यांनी ती पाहिली. पण त्याच घरात यशोदाबाईंची देवपूजा आणि व्रते चालू होती, आणि बायकोच्या हातातली फुलांची परडी या बुद्धिवाद्याने कधी हिसकावली नाही. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. टिळक गेल्यावर गणिताची जी जागा रिकामी झाली होती, तिथे १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले, आणि १८९३ मध्ये कर्व्यांनी विधवेशी विवाह केला. कर्वे १०४ वर्षे जगले. मी कधी कधी हिशेब करीत बसतो, की तेवढे आयुष्य आगरकरांना मिळाले असते तर ते १९६० पर्यंत असते. किती पाहिले असते! असले हिशेब करू नयेत. पण लवकर गेलेल्या माणसाचे असे हिशेब मनात होतातच. माझा मित्र असता तर आता शेहेचाळीस वर्षांचा असता.

आगरकरांना दमा होता. श्वासाला महाग झालेला हा माणूस लिहीत, शिकवीत राहिला. १७ जून १८९५ रोजी तो गेला. एकोणचाळीस पुरी व्हायला महिनाही शिल्लक नव्हता. मागून उशाशी एक पुरचुंडी सापडली, तिच्यात स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे बाजूला काढून ठेवलेले होते, असे सांगतात. माझ्या जाण्याचा भार कोणावर पडू नये. ज्याच्यावर लोकांनी कठोर म्हणून शिक्का मारला, त्याने निघताना केलेली ही शेवटची व्यवस्था.

तो सोमवार होता. दुसऱ्या दिवशी मंगळवार, म्हणजे 'केसरी'चा दिवस. मृत्युलेख लिहायचा होता टिळकांना.

इथे मी थांबलो, कारण मुलाला जे सांगायचे ते सोपे होते आणि मला जे आठवत होते ते सोपे नव्हते.

माझे वडील गेले त्या वर्षीची गोष्ट. दिवसकार्य यथासांग करायचे, तेराव्याला सगळी भावकी जेवायला बोलवायची, असे मी ठरवले होते. पैसे नव्हते, म्हणून पतसंस्थेतून कर्ज काढायचे चालले होते. सोप्यावर चुलते, मामा, आतेभाऊ सगळे बसलेले. मित्र आला, कोपऱ्यात बसला, थोडा वेळ ऐकले आणि म्हणाला, "अरे, आजारात औषधाला कर्ज काढलं नाहीस, ते आता जेवणाला काढतोस?"

सोपा एकदम गप्प झाला. एका चुलत्यांनी पानाचा डबा मिटल्याचा आवाज अजून कानात आहे.

त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. वडिलांनीच मोठ्या दवाखान्यात जायला नकार दिला होता. 'माझ्यावर पैसा घालवू नको, पोरीच्या शिक्षणाला ठेव,' असे ते म्हणाले होते आणि हे कोणाला सांगू नको असेही म्हणाले होते. मी त्यांचे ऐकले. ऐकायला हवे होते की नको, हा प्रश्न तेव्हाही मला झोपू देत नव्हता. मित्राने नेमके तिथेच बोट ठेवले, आणि चारचौघांत. मी एवढेच म्हणालो, "तू आता जा."

तो गेला. पण तेराव्याला सकाळी सात वाजता परत आला. कोणी बोलावले नव्हते. त्या दिवशी नळाला पाणी नव्हते, तर याने कुठून तरी दोन पिंपे भरून आणवली. बाह्या दुमडल्या आणि पंगतीत पाणी वाढू लागला. ज्या जेवणाला त्याचा विरोध होता, त्या जेवणाला! शेवटच्या पंगतीला आम्ही घरचे लोक बसलो. तांब्या घेऊन तो माझ्या पानापाशी आला. मी पेल्यावर हात ठेवला.

तो क्षणभर थांबला आणि पुढच्या पानाकडे गेला.

त्यानंतर दोन वर्षे आम्ही बोललो नाही. गाव एवढेसे. मंडईत, एसटी स्टँडवर, प्रीतिसंगमावर तो दिसायचा. मी स्कूटर वळवून घ्यायचो. आज जाऊ, दसऱ्याला सोने द्यायला जाऊ, संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाऊ, असे दर सणाला मनात यायचे आणि सण जायचा. आपल्याला वाटते वेळ आहे. चाळिशीच्या आतल्या माणसाला असे वाटण्यात गैर तरी काय? २०१८ च्या पावसाळ्यात एका दुपारी त्याच्या शाळेतून फोन आला. वर्गात फळ्याजवळ उभा होता, खुर्चीवर बसला, एवढेच. हृदयविकार. एकोणचाळीस वर्षे.

महिन्याभराने त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक घरी आले. वार्षिक अंकात त्याच्यावर लेख हवा होता. म्हणाले, "तुम्ही मराठीचे, आणि त्यांचे सगळ्यांत जवळचे मित्र." आमचे बोलणे नव्हते हे त्यांना माहीत नव्हते. त्याने शाळेत कोणाला सांगितलेच नव्हते.

आठ दिवस मी कोरा कागद घेऊन बसत होतो. एक वाक्य लिहायचो आणि खोडायचो. 'आमचा स्नेह अखेरपर्यंत अभंग होता' असे लिहिले तर खोटे, आणि खरे लिहावे तर शाळेच्या मुलांच्या अंकात ते कसे लिहायचे? तेव्हा कपाटातून टिळकांचा तो मृत्युलेख काढला. एरवी मी तो शैलीसाठी वाचत आलो होतो. त्या रात्री मात्र, हे कसे लिहायचे, एवढेच बघायला वाचला.

टिळक म्हणजे लेखनात अडखळणारा माणूस नव्हे. पण हे दोन स्तंभ लिहायला त्यांना तासन् तास लागले आणि लिहिताना त्यांचे डोळे वाहत होते, असे नमूद आहे. लेखात त्यांनी मतभेद लपवलेले नाहीत. मृत्यूपुढे लहानसहान मतभेद विसरायला होतात, जुन्या आठवणी दाटून येतात आणि बुद्धी व लेखणी दोन्ही गोंधळतात, अशा अर्थाचे त्यांनी सुरुवातीलाच कबूल करून टाकले आहे. टिळकांची लेखणी गोंधळली, हे टिळकांनीच लिहिलेले मराठीत दुसरे कुठे मी तरी वाचले नाही.

आणखी एक गोष्ट त्या रात्री माझ्या ध्यानात आली. न्यू इंग्लिश स्कूलच्या त्या मंडळींची वर्षे एका कागदावर मांडून पाहा. चिपळूणकर १८८२ मध्ये गेले, एकतिसाव्या वर्षी. संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे, फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य, १८९२ मध्ये, चौतिसाव्या वर्षी. आगरकर १८९५. माधवराव नामजोशी १८९६. ऐन उमेदीत एकत्र आलेली माणसे, आणि पंधरा-सोळा वर्षांत जवळजवळ सगळा डाव उठला. टिळक राहिले, १९२० पर्यंत. पुढे त्यांनी जे केले ते जगाला ठाऊक आहे. पण १८९५ च्या त्या सोमवारी रात्री ते लोकमान्य म्हणून बसले नसतील. डोंगरीच्या खोलीत ज्याच्याशी मोठ्याने भांडलो, त्याला आता उत्तर देता येणार नाही, हे कळलेला मागे राहिलेला एक मित्र बसला असेल. वाद अर्धा राहिला की तो जिंकल्यासारखा वाटत नाही.

माझा लेख शेवटी झाला. दीड पान. सदरा आला, किटली आली, पेन्सिलीची प्रश्नचिन्हे आली. पेल्यावर ठेवलेला हात आला नाही. टिळकांनी मतभेद लिहायचे धाडस केले. मला ते जमले नाही. मुख्याध्यापकांना लेख फार आवडला. त्यांनी तो स्नेहसंमेलनात वाचूनही दाखवला. मी शेवटच्या रांगेत बसून होतो.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले नाही, हे उघडच आहे. त्याला मी सांगितले, की आगरकरांच्या शेवटच्या आजारात टिळक त्यांना भेटायला गेले होते असे सांगतात. काय बोलणे झाले ते माहीत नाही. आणि मृत्युलेख टिळकांनी रडत लिहिला. तेवढे भाषणाला पुष्कळ झाले. त्याने वही उघडून 'रडत लिहिला' हे शब्द टिपून घेतले. आम्ही दोघे उठलो, जिना उतरलो, फाटकाबाहेर आलो. समोरच्या टपरीवर मी दोन चहा सांगितले.

"काका," तो म्हणाला. फाटकाबाहेर आलो होतो ना! "तुम्ही आणि बाबा बोलत नव्हता, मला ठाऊक आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला. वडील गेले तेव्हा हा मुलगा दहा वर्षांचा होता. मला वाटत आले होते, याला काही कळत नसेल.

"आजोबांच्या तेराव्याला तुम्ही पाणी घेतलं नव्हतं. बाबा घरी सांगायचे. आई चिडायची, तुम्ही कशाला गेलात म्हणायची. ते हसायचे नुसते. म्हणायचे, बळवंतराव रागावलेत, पण चूक माझी आहे. असं सगळ्यांत बोलायला नको होतं. येतील दिवाळीला."

दिवाळीला. कोणत्या, ते मी विचारले नाही. दोन दिवाळ्या होत्या मध्ये.

टपरीवाल्याने प्लास्टिकचा जग आणि दोन पेले आमच्यासमोर ठेवले होते. मुलाने एक भरून माझ्याकडे सरकवला, सहज, बोलता बोलता. मी पाणी प्यायलो. मग त्याने विचारले, भाषणाची सुरुवात टेंभूपासून करू की डोंगरीपासून, आणि आम्ही बराच वेळ त्यावर वाद घालीत बसलो. त्याचे म्हणणे डोंगरी. माझे टेंभू.